विश्लेषण : भारतीय छापील कापडाचा हजार वर्षांपूर्वीचा पुरावा कैरोच्या उकिरड्यात कसा सापडला?

ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयात विटलेल्या सुती चिंध्यांचा एक संग्रह आहे. त्यातले बरेच तुकडे जेमतेम तळहाताएवढे आहेत. त्यांवर निळ्या आणि तांबड्या रंगांत फुले, वेली, ठिपके, हंसांच्या रांगा छापलेल्या आहेत. या चिंध्या इजिप्तमध्ये मिळाल्या, मात्र कापड भारतात, बहुधा गुजरातेत, छापले गेले होते. बाराशेहून अधिक तुकड्यांच्या या संग्रहातील सर्वात जुने तुकडे दहाव्या-अकराव्या शतकातील आहेत. त्या काळातील छापील सुती कापड खुद्द भारतात जवळजवळ उरलेलेच नाही. त्यामुळे आपल्या वस्त्रोद्योगाची काही शतके परदेशातील या चिंध्यांवरूनच वाचावी लागतात.

भारतात हे कापड का टिकले नाही?

एक कारण हवामान. चार महिने दमट हवा, वाळवी, कसर आणि बुरशी यांच्यापुढे सुती कापड जमिनीत काय, पेटीतही फार वर्षे तग धरत नाही. दुसरे कारण घरोघरचे. जुने लुगडे फाटले की त्याची गोधडी होते, गोधडीतून बाळाचे दुपटे निघते, दुपट्याचे फडके आणि फडक्याचे शेवटी पोतेरे. कापड वाया घालवायचे नाही ही सवय संसाराला चांगली असली, तरी इतिहासकाराच्या हाती काही लागू देत नाही.

जिथे अवशेष टिकले तिथे बहुतेकदा धातूची कृपा आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा अंश मिळाला. धातूच्या क्षारांमुळे त्याला कुजवणारे सूक्ष्मजीव वाढू शकले नाहीत. ते तंतू कापसाचेच आहेत याची तपासणी १९२० च्या दशकात मुंबईत, माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळेत झाली. ए. एन. गुलाटी आणि ए. जे. टर्नर यांनी ती केली. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात ताम्रपाषाण काळातील तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या आत ओवलेला दोरा तांब्यामुळे शिल्लक होता. त्यात कापसाचे आणि रेशमाचे तंतू असल्याचा अहवाल १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही गुलाटींचाच.

मात्र मण्यातला दोरा म्हणजे कापड नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत तगरहून, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर येथून, जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची तलम वस्त्रे गाड्यांतून भडोच बंदरात येत असल्याची नोंद आहे. तेरच्या मातीने मृण्मूर्ती दिल्या, हस्तिदंती बाहुली दिली. त्या गाड्यांतल्या कापडाचा मात्र मागमूस नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर पट्ट्यांची, ठिपक्यांची, नक्षीची वस्त्रे रंगवलेली आहेत, पण ती चित्रे आहेत. चित्रावरून नक्षी कळते. धागा कोणता, रंग कोणता, नक्षी विणून केली की छापून, हे कळत नाही.

मग इजिप्तमध्ये ते कसे उरले?

फुस्तात ही अरबांची इजिप्तमधील पहिली राजधानी. सातव्या शतकात, ६४१ च्या सुमारास ती वसली. ९६९ नंतर फातिमी खलिफांनी शेजारीच कैरो वसवले, तरी व्यापारी पेठ म्हणून फुस्तात भरभराटीत होते. ११६८ मध्ये क्रुसेडर सैन्य चाल करून आले, तेव्हा शहर शत्रूच्या हाती पडू नये म्हणून वजीर शावरने त्याला आग लावण्याचा हुकूम दिला, असे अरब इतिहासकार सांगतात. शहर पुरते नष्ट झाले नाही, पण त्याचे मोठे भाग ओसाड पडले आणि पुढे कैरोचा कचरा तिथे टाकला जाऊ लागला. पाऊस जवळजवळ नाही, वाळू कोरडी. अशा ढिगाऱ्यात कापड शतकानुशतके पडून राहिले आणि कुजले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आसपासचे शेतकरी जुन्या वस्त्यांची ही माती खत म्हणून खणून नेऊ लागले. खणताना कापडाचे तुकडे निघत. ते कैरोतील जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडे जात आणि तिथून युरोपीय संग्राहकांकडे. पर्सी न्यूबेरी हे त्यांपैकी एक. ते इजिप्तविद्येचे अभ्यासक होते. तुतनखामेनच्या थडग्यातील वनस्पतींचे अवशेषही त्यांनी अभ्यासले होते. त्यांच्या पत्नी भरतकामाच्या जाणकार होत्या. दोघांनी जमवलेला संग्रह १९४६ मध्ये अ‍ॅश्मोलियनला मिळाला.

हे कापड भारतीय आहे हे कशावरून?

तुकडे इजिप्तमध्ये मिळाले म्हणून ते इजिप्शियन, असे आधी गृहीत धरणे साहजिक होते. फ्रेंच अभ्यासक आर. फिस्टर यांनी १९३८ मधील आपल्या ग्रंथात हे छापील कापड भारतातून आल्याचे सविस्तर मांडले. नक्षीतील जाळ्या, वेली आणि कमानी यांची तुलना त्यांनी गुजरातच्या दगडी कोरीवकामाशी केली होती.

नक्षीची नक्कल कोणीही करू शकतो. सुताला दिलेला पीळ मात्र कातणाऱ्याच्या हाताची सवय दाखवतो. धागा उभा धरून भिंगाखाली पाहिला, तर पीळ उजवीकडे वर चढत जातो किंवा डावीकडे. अभ्यासक रोमन अक्षरांच्या मधल्या रेघेवरून त्यांना ‘झेड’ आणि ‘एस’ पीळ म्हणतात. इजिप्तमध्ये जवसाचा तंतू हजारो वर्षे ‘एस’ पिळाने कातला गेला आणि पुढे तीच सवय इतर तंतूंनाही लागली. भारतात कापूस ‘झेड’ पिळाने कातला जात होता. या छापील तुकड्यांतले उभे-आडवे धागे ‘झेड’ पिळाचे आहेत. हा पुरावा एकटा पुरेसा नाही, कारण इतर काही प्रदेशांतही असा पीळ देत असत. पण पीळ, कापूस, रंग आणि नक्षी या चारही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या की शंकेला फारशी जागा राहत नाही.

‘गुजरात’ या पत्त्याबाबत मात्र थोडा सावधपणा हवा. भारतीयत्व जितके पक्के आहे, तितके प्रत्येक तुकड्याचे गुजराती असणे पक्के नाही. खंबायत आणि भडोच ही बंदरे, तिथली छपाईची परंपरा आणि पश्चिम भारतातील नक्षीशी असलेले साम्य यांवरून हा निष्कर्ष काढला जातो. बहुतेक तुकड्यांसाठी तो पटण्यासारखा आहे. माल खंबायतेहून निघाला म्हणजे तो खंबायतेतच छापला, असे मात्र होत नाही.

रंग इतकी शतके कसा टिकला?

या प्रश्नाचे उत्तर म्हणजे जुन्या रंगाऱ्यांचे रसायनशास्त्र. कापसाला रंग सहजासहजी धरत नाही. नुसत्या मंजिष्ठेच्या किंवा आलाच्या मुळांच्या काढ्यात सुती कापड उकळले, तर मिळणारी फिकट छटा धुण्यात निघून जाते. रंग आणि तंतू यांना जखडून ठेवणारा दुवा लागतो. तांबड्यासाठी तो दुवा तुरटी, काळ्यासाठी लोखंड.

छपाईची गंमत अशी की ठशाने कापडावर रंग छापलाच जात नाही. आधी कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवतात. मग एका ठशाने तुरटीचा लेप छापतात, दुसऱ्याने लोखंडाचा. लोखंडाचा हा लेप गंजके लोखंड आणि गूळ आंबवून, चिंचोक्याची खळ मिसळून करण्याची रीत कच्छात आजही आहे. तुरटीचा ठसा तर डोळ्यांना जेमतेम दिसतो. नंतर सगळे कापड मुळांच्या उकळत्या काढ्यात घातले की तुरटी होती तिथे तांबडे उमटते, लोखंड होते तिथे काळे, आणि उरलेल्या जागेचा रंग धुऊन निघतो. एकाच काढ्यातून दोन रंग बाहेर येतात.

निळीचे शास्त्र याच्या उलट. तिला कसलाही दुवा लागत नाही. नीळ पाण्यात विरघळत नाही म्हणून ती हौदात आंबवून विरघळवावी लागते. त्यातून कापड बाहेर काढले की ते आधी हिरवट-पिवळे दिसते आणि हवा लागताच बघता बघता निळे होते. पण नीळ जिथे पोहोचेल तिथे चढते. म्हणून जो भाग पांढरा किंवा तांबडा ठेवायचा, त्यावर आधी मेण, चिखल किंवा चुना-डिंकाचा लेप लावून तो झाकावा लागतो. इजिप्तमधील तुकड्यांवर या दोन्ही पद्धती दिसतात, काहींवर तर एकत्र. भूमध्य सागराच्या बाजारपेठांत सुतावर असा पक्का, धुतला तरी न जाणारा तांबडा रंग दुर्मीळ होता. भारतीय कापडाला मागणी येण्यामागे नक्षीइतकाच रंगाचा हा पक्केपणा होता.

आजच्या प्रयोगशाळेत धाग्याच्या अगदी छोट्या नमुन्यावरूनही तांबडा कोणत्या मुळाचा हे ओळखता येते. भूमध्य सागरी मंजिष्ठेत अलिझरिन हे द्रव्य भरपूर असते. भारतीय मंजिष्ठेत त्याऐवजी परप्युरिन आणि मंजिस्टिन ही द्रव्ये प्रमुख असतात. आलाच्या मुळात मोरिंडोन सापडते.

तुकड्यांचे वय कसे ठरवले?

सुरुवातीला नक्षीवरून. पश्चिम भारतातील चौदाव्या-पंधराव्या शतकांतील जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितांत माणसांच्या अंगावरील वस्त्रांवर हंसांच्या रांगा आणि गोल फुले आहेत. तशीच नक्षी तुकड्यांवर दिसली की ते त्याच काळातले मानले जात. पण ठशाची नक्षी बापाकडून मुलाकडे जाते आणि शंभर-दोनशे वर्षे तशीच चालू शकते, ही या पद्धतीतली मोठी अडचण.

अ‍ॅश्मोलियनच्या संग्रहाचा अभ्यास रुथ बार्न्स यांनी केला आणि त्याची दोन खंडांतील सूची १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या अभ्यासात निवडक तुकड्यांची कार्बन चाचणी करण्यात आली. कापूस हे हंगामी पीक असल्याने चाचणीत निघणारे वर्ष म्हणजे साधारण बोंड फुटल्याचे वर्ष. लाकडासारखा जुन्या खोडाचा घोळ इथे नसतो. या चाचणीत काही तुकडे दहाव्या-अकराव्या शतकांपर्यंत मागे गेले. म्हणजे ज्या छपाईचा इतिहास प्रामुख्याने तेराव्या शतकानंतरचा समजला जात होता, तिचा निर्यात व्यापार त्याआधीच जोरात होता.

तांबड्या समुद्राच्या काठावरील उत्खननांनी याला आधार दिला. बेरेनिके या रोमनकालीन बंदरात चौथ्या-पाचव्या शतकांच्या थरांत लेप लावून रंगवलेल्या भारतीय सुती कापडाचे अवशेष मिळाले. (याच बंदरात जमिनीत पुरलेल्या भारतीय रांजणात साडेसात किलोंहून अधिक काळी मिरी मिळाली होती.) उत्तरेकडील कुसैर अल-कदीम या बंदरात १९७८ पासून शिकागो विद्यापीठाने आणि पुढे साउदम्प्टन विद्यापीठाने उत्खनन केले. तिथल्या मध्ययुगीन थरांत अशाच छापील कापडाचे तुकडे मिळाले, आणि त्याच वस्तीत तेराव्या शतकातील एका व्यापारी घराण्याची कागदपत्रेही.

हे कापड वापरत कोण होते?

संग्रहालयात काचेआड ठेवलेली वस्तू आपण नकळत राजघराण्याची समजतो. इथे तसे नाही. बहुतेक तुकडे जाड्याभरड्या मांजरपाटासारख्या कापडाचे आहेत. कित्येक ठिकाणी ठसा सरकला आहे, लेप ओघळला आहे, दोन ठशांचा सांधा जुळलेला नाही. घाईने, ढिगाने काढलेला बाजारू माल आहे हा. काहींना शिवण आहे, काहींना दुमड, काहींना ठिगळ. त्यांतून अंगरखे, पडदे, आच्छादने, पिशव्या यांचा अंदाज येतो. एकूणात, मध्ययुगीन कैरोतील बेताच्या ऐपतीचा माणूस हा या मालाचा गिऱ्हाईक होता.

त्या गिऱ्हाइकाची आवड छापणाऱ्याला माहीत होती. काही तुकड्यांवर अरबी लेखनाच्या पट्ट्या आहेत, पण त्यातली कित्येक अक्षरे वाचता येत नाहीत. ती अक्षरांसारखी दिसणारी नुसती नक्षी आहे. ठसा कोरणाऱ्याला अरबी येत नसावे, मात्र तिकडे काय खपते हे त्याला नेमके ठाऊक असावे. ‘भारताची कला बाहेर पसरली’ असे मोघम म्हणण्यापेक्षा हे चित्र अधिक जिवंत आहे. इथला कारागीर दूरच्या बाजाराची मागणी ऐकून माल काढत होता.

फुस्तातमध्येच बेन एझ्रा या यहुदी प्रार्थनामंदिरात जुन्या कागदांचा प्रचंड साठा मिळाला. १८९६-९७ मध्ये सोलोमन शेख्टर यांनी त्याचा मोठा भाग केंब्रिजला नेला. त्यात बाराव्या शतकात मंगळुरूला राहून व्यापार करणाऱ्या अब्राहम बेन यिजूची पत्रे आहेत. अमिताव घोष यांच्या ‘इन अ‍ॅन अँटिक लँड’ या पुस्तकामुळे ती अनेक वाचकांना परिचित आहेत. एकाच शहराने कागद आणि कापड दोन्ही जपले. कागदामुळे व्यापाऱ्याचे नाव, त्याच्या नोकराचे नाव, बुडालेल्या मालाची किंमतही कळते. कापड छापणाऱ्या एकाही माणसाचे नाव कुठे नाही.

इंडोनेशियाचा यात काय संबंध?

इजिप्तमधल्या नक्षीशी तंतोतंत जुळणारे कापड हजारो मैल दूर, इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावर मिळाले आहे. तिथल्या डोंगराळ भागातील तोराजा लोकांनी भारतीय कापड घराण्याची पवित्र ठेव म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जपले. सणासमारंभातच ते बाहेर काढले जाई. कार्बन चाचणीत यातली काही वस्त्रे चौदाव्या-पंधराव्या शतकांतील निघाली. मसाल्याच्या बदल्यात दिलेले हे कापड तिथे तुकड्यांत नव्हे, तर कित्येक मीटर लांब, अखंड मिळते. कैरोतल्या वीतभर चिंधीवरची अर्धवट वेल मुळात किती मोठ्या नक्षीचा भाग होती, हे तोराजांच्या वस्त्रांमुळे समजू शकते. जे कैरोत झिजेपर्यंत वापरून टाकून दिले गेले, तेच सुलावेसीत देवघरातल्या वस्तूसारखे ठेवले गेले. माल मात्र त्याच परंपरेतला.

खरी अडचण कुठे आहे?

हे तुकडे कुठून आले, या प्रश्नात. ‘फुस्तातचे कापड’ हे नाव रूढ झाले असले, तरी ते बऱ्याच अंशी व्यापाऱ्यांनी लावलेले लेबल आहे. न्यूबेरींनी बहुतेक तुकडे कैरोच्या बाजारात विकत घेतले. त्यांतले किती फुस्तातच्या ढिगाऱ्यातले, किती दुसऱ्या गावचे आणि किती कबरींतून काढलेले, याची नोंद कोणी ठेवली नाही. खणणाऱ्याला खत हवे होते, विकणाऱ्याला सुबक तुकडा. अधिक पैसे मिळावेत म्हणून विक्रेत्यांनी नक्षीदार भाग कापून घेतले आणि साधा भाग फेकून दिला, हा जुन्या कापडांच्या बाजारातील नेहमीचा प्रकार. त्यामुळे वस्त्राचा आकार गेला, शिवण गेली, कडा गेल्या. सारखीच नक्षी असलेले तुकडे आज लंडन, वॉशिंग्टन, क्लीव्हलंड अशा दूरदूरच्या संग्रहांत विखुरलेले आहेत.

याउलट कुसैरच्या थरात मिळालेला तुकडा दिसायला कितीही क्षुल्लक असला, तरी तो कोणत्या खोलीत, कोणत्या भांड्याशेजारी, कोणत्या पत्राजवळ पडला होता हे ठाऊक आहे. अभ्यासाच्या दृष्टीने असा एक तुकडा बाजारातून आलेल्या सुंदर दहा तुकड्यांना भारी ठरतो. जुन्या वस्त्रांच्या लिलावात सौंदर्याची आणि वयाची किंमत ठरते, हरवलेल्या संदर्भाची वजावट मात्र क्वचितच होते. भारतीय कापडाचा पहिला मोठा पुरावा आपल्यापर्यंत पोहोचला तो अशा वजावटीसह.

आजच्या अजरखशी नाते किती?

कच्छच्या धमडका आणि अजरखपूर या गावांतील खत्री कारागीर हिरडा, तुरटी, लोखंड, नीळ आणि मुळांचा तांबडा याच क्रमाने काम करतात. त्यामुळे फुस्तातचे तुकडे म्हणजे ‘जुने अजरख’ असे अनेकदा सांगितले जाते. तंत्र एकाच कुळातले आहे, यात शंका नाही. पण त्यावरून अखंड वंशावळ काढणे घाईचे होईल. खत्री समाजाच्या स्वतःच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज सोळाव्या शतकाच्या सुमारास सिंधमधून कच्छात आले. म्हणजे फुस्तातला माल जात होता त्या काळात तो नेमका कोणाच्या हातचा होता, हे आजच्या कारागिरांकडे पाहून ठरवता येत नाही. समजते ते वेगळेच. तुकड्यावरील तांबडा मळकट का, काळ्याने कापड कुरतडले का, याचे उत्तर कित्येकदा प्रयोगशाळेपेक्षा रंगाऱ्याकडे लवकर मिळते. लोखंडाचा लेप जास्त झाला की काळ्या रेघेखालचे सूत आधी जाते, हे त्याला शिकवावे लागत नाही. पाण्याचेही तसेच. २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले आणि रंग बिघडू लागले, म्हणून अनेक कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर हे नवे गाव वसवले.

हे पाहायचे कुठे?

न्यूबेरी संग्रहातील तुकडे अ‍ॅश्मोलियनने छायाचित्रे आणि नोंदींसह ऑनलाइन खुले केले आहेत. धाग्याचा पीळ, रंग, वय अशी माहिती तिथे घरबसल्या वाचता येते. भारतात अहमदाबादचे १९४९ मध्ये स्थापन झालेले कॅलिको संग्रहालय जुन्या वस्त्रांसाठी सर्वात महत्त्वाचे. तिथे रोज मोजक्याच लोकांना प्रवेश मिळतो, तोही आधी नोंदणी केली तर. सुरतच्या ‘तापी’ या खासगी संग्रहात आग्नेय आशियातून परत आणलेली निर्यातीची वस्त्रे आहेत आणि त्यांवरची सचित्र पुस्तके मोठ्या ग्रंथालयांत मिळू शकतात. तेरला जाणाऱ्यांनी रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातील मृण्मूर्ती अवश्य पाहाव्यात. कापड तिथे नाही, पण ते नेसलेली माणसे आहेत.